जुना पार्ट

एक्स-रे भूपालनं ट्यूबलाइटसमोर धरला,
चष्मा कपाळावर सारला, म्हणाला,
गॅप संपलीय. पार्टावर पार्ट घासतोय.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस,
बायकोचं हाड बघतानाही
त्याचा अंगठा हवेत मायक्रोमीटर फिरवत होता.

डॉक्टर नवे आहेत, पुण्याकडचे.
मी म्हटलं, सकाळी उठतो तेव्हा पाय माझा नसतोच,
कॉटवर बसून त्याची वाट बघतो.
ते लिहिता लिहिता थांबले. बघतो?
मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरच्या बायका
येतो, जातो, करतो.
गुडघे तेवढे बाईचे लिहा.

खाली बसायचं नाही म्हणाले, ऑपरेशननंतर.
मांडी नाही, उकिडवं नाही.
बाकी हवं तेवढं चाला, रंकाळ्याला फेरी मारा.

एकतीस वर्षं मंगळवार पेठेत बालवाडी घेतली.
तीन वर्षांच्या पोराला बाईंचं तोंड दिसायचं
तर बाईंनीच खाली यावं लागतं.
नाक पुसायला, नाडी बांधायला,
का रडतोस ते विचारायला.
आणि ते कारण एवढुसं असतं
की उभ्यानं ऐकूच येत नाही.
दिवसातनं किती वेळा खाली, किती वेळा वर,
हजेरीपटात त्याला रकाना नव्हता.

चंद्राक्कानं दोन्ही बदलून घेतले.
तीन महिने रडलो, म्हणते, मग विसरलो.
पहाटे सहाला चप्पल घालून गेटवर तयार.
सुभद्रावहिनींचा पाय वाकत नाही तो नाहीच,
गॅलरीतनं रिक्षा मोजतात.
दोघींचा डॉक्टर एकच.

मुलगा फोनवर म्हणतो, आई, पैशाचा विचार करू नकोस.
म्हणजे त्यानं केलाय.

कपिलतीर्थात भाजीवालीला सगळं सांगितलं,
चालणं मिळणार, बसणं जाणार.
मेथीच्या जुड्यांमधनं ती वर न बघताच म्हणाली,
मग मी विकू कुठं बसून?
मला उत्तर सुचलं नाही. दोन जुड्या जास्त घेतल्या.

किती टिकतं, भूपालनं विचारलं होतं.
पंधरा, वीस वर्षं.
मला अडुसष्ट संपली.
महाद्वार रोडला रिक्षा अडकली तेव्हा
तो बाहेर बघत म्हणाला, पुरेल.
घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

रात्री म्हणाला, मूठ आवळ.
सुतळीनं घेर मोजला.
गुरुवारी संडासात, कमोडच्या उजव्या हाताला,
स्टीलचा दांडा बसला.
नर्लिंग केलंय, म्हणाला, ओला हात सटकायचा नाही.
ऑपरेशन कर म्हणाला नाही.
नको, असंही नाही.

काल शमीम आली होती, माझ्या सत्याऐंशीच्या बॅचची,
नात घेऊन. नात सरळ आली
आणि माझ्या गुडघ्याला हात लावून काहीतरी पुटपुटली.
सवयीनं मी खाली निघालो.
एक हात खुर्चीला, एक भिंतीला,
दात आवळून, टप्प्याटप्प्यानं.
मी पोचेपर्यंत ती मांजरामागं गेली होती.

खाली आलोच होतो, म्हणून बसलो जरा.
फरशी गार होती.
कॉटखाली हरवलेलं वाटीचं झाकण दिसलं,
ते ओढून घेतलं.
मग भूपालला हाक मारली. त्यानं काखेत हात घातले,
एक, दोन म्हणाला, आणि तीनला दोघंही कण्हलो.

आज सकाळी डॉक्टरांना फोन लावला.
म्हटलं, काढलेलं हाड मला दाखवणार का?
ते गडबडले. कशाला?
म्हटलं, गॅरेजवालासुद्धा जुना पार्ट हातात देतो,
हे बघा म्हणतो, एवढा झिजला होता.
मग, ठरलं का तुमचं? त्यांनी विचारलं.

आधी तुम्ही सांगा, म्हटलं.
मी धरतो फोन.